कोरमेट्ट्यावर मी होतो

“साहेब, पाणी शोधाले कोणी डोंगराच्या टाळूवर जाते का जी?”

रैनू हिचामीनं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्यावर कावड होती आणि कावडीच्या दोन्ही टोकांना पाण्याचे डबे. खालच्या ओढ्यापासून कोरमेट्ट्याच्या माथ्यापर्यंत पाऊण तासाची चढण, आणि सकाळपासूनची ही त्याची तिसरी खेप. दगडात फिरताना ड्रिल मशीनचं टोक तापतं, त्यावर सतत पाणी सोडावं लागतं.

मी म्हटलं, “पाणी खोल असतं रे. खालपर्यंत जावं लागतं.”

“आन् पाणी काढाच्या मशीनले पाणी आमीच आणून पाजाचं.” डबे उतरवून तो घाम पुसत हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

मी भूगर्भशास्त्रज्ञ. तेव्हा चाळिशीत होतो, नागपूरच्या एका खाणकंपनीत नोकरीला. तुमिरगुडा हे छत्तीसगडच्या हद्दीजवळचं माडिया लोकांचं वीस-बावीस घरांचं गाव, आणि गावामागे कोरमेट्टा. मेट्टा म्हणजे डोंगर. त्याच्या पोटात लोखंडाचा दगड आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती आहे आणि किती खोल आहे, ते मोजायचं होतं. नियमानं आधी ग्रामसभेची संमती लागते, जंगलखात्याची परवानगी लागते. त्यातलं काहीच झालेलं नव्हतं. पण त्या वर्षी दहशतवादाविरुद्धची मोठी मोहीम सुरू झाली होती. जंगलात ठिकठिकाणी पोलिसांच्या चौक्या बसत होत्या, आणि एक चौकी कोरमेट्ट्याच्या माथ्यावर बसली. चौकीला पाणी हवं, म्हणून बोअरवेल. बोअरवेल खणायला आमचं मशीन. गावात काय सांगायचं ते नागपूरहून असं ठरून आलं होतं, आणि मी ते सांगत होतो.

गावात नीट मराठी येणारा रैनू एकटाच. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. तो माझ्याच वयाचा, पण माझ्यापेक्षा दुप्पट काटक. वाटाड्या, दुभाष्या, पाणक्या, सगळं तोच. पहिल्याच महिन्यात मला मलेरियानं धरलं. शुद्ध अर्धी गेलेली, अंग थडथड उडतंय. रैनूनं मला पाठीवर घेऊन अख्खा डोंगर उतरवला. त्याच्या बायकोनं, मैनीनं, सहा दिवस मला स्वतःच्या घरात ठेवलं. तिला मराठी फारसं येत नव्हतं. आंबील भरलेला द्रोण पुढे करून ती एकच शब्द म्हणायची, “पिवा.” तिच्या पाठीला तेव्हा तान्ही मुलगी बांधलेली असायची.

त्यानंतर रैनूशी खोटं बोलणं मला जड जायला लागलं. पण बोलत होतो.

मशीनमधून दगडाच्या लांबट गोल कांड्या निघत. त्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडून वर खोली लिहायची, हे काम मी आणि रैनू मिळून करायचो. एकदा त्यानं एक काळी-तांबडी कांडी हातावर तोलली. “लोखंड हाय ना साहेब? माह्या आज्याच्या वक्ती लोहार येथूनच गोटे नेत होते. एक टोपलं नेलं का कोंबडा कापत होते डोंगरापुढं.”

मी कांडी त्याच्या हातातून घेऊन पेटीत ठेवली.

“मी गावात नाई सांगत,” तो म्हणाला. “सांगतलं तर लोक मशीन ढकलून देतील खाली. मंग पोलिस घरं जाळतील. आन् दादांच्या कानावर गेलं, तर ते तुमाले सोडनार नाई.” दादा म्हणजे बंदूकवाले, जंगलातले. गावात त्यांचं दुसरं नाव कोणी घेत नसे. “तुमी आपले गोटे मोजा आन् सुखरूप घरी जा.”

चौकीचे मुख्य होते सब-इन्स्पेक्टर तनपुरे. राहुरीकडचे, तिशीचे, नुकतंच लग्न झालेले. चौकीत बाकी आठ-दहा जवान. तनपुऱ्यांना बोलायला माणूस लागायचा आणि तिथं त्यांच्या भाषेत बोलणारा मीच होतो. एका दुपारी ते माझ्या तंबूत आले. मी नकाशा पसरून बसलो होतो. चहाचा कप हातात धरून ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले.

“गभणे साहेब, हे लाल ठिपके कसले?”

“जिथं खणलंय, जिथं खणायचंय, ती ठिकाणं.”

“आणि हा?” त्यांनी आमच्या पायाखालच्या माथ्यावर बोट ठेवलं.

“सगळ्यात चांगला दगड इथं आहे.”

ते खाटेवर टेकले. “मला हितं पाठवलं ना, तेव्हा चौकी कुठं पाहिजे ते विचारलं होतं. मी चार दिवस पायी फिरलो. लिहून पाठवलं, नदीच्या उताराजवळ पाहिजे. ती लोकं तिथनंच नदी ओलांडत्यात. गाडीचा रस्ता तिथनंच जातो. उतार आपल्या हातात असला तर सगळं आपल्या हातात. वरनं उत्तर आलं, चौकी डोंगरावर. मी म्हटलं, साहेब, डोंगरावर कोण येतंय? तिथं ना वाट ना पाणी. तर म्हणले, आदेश आहे.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तवा वाटलं, वरच्यांना जास्त कळत असंल. आज तुमचा नकाशा बघितला.”

“योगायोग असेल.”

“पलीकडच्या दोन चौक्या कुठं बसल्यात, दाखवू?” त्यांनी बोटानं दोन ठिकाणं दाखवली. एका ठिकाणी आमच्या कंपनीचा लाल ठिपका होता. दुसऱ्या ठिकाणी आमचा नव्हता, पण दुसऱ्या कंपनीचा होता, हे मला माहीत होतं.

“माझ्या बॅचचे दोघं गेले मागल्या साली,” तनपुरे म्हणाले. “भूसुरुंगात. त्यांच्या आयांना आम्ही सांगितलं, देशासाठी गेला. मारणारे खरंच मारत्यात हो साहेब, त्यात काही खोटं नाही. पण आम्हाला हितं त्यांच्यासाठी बसवलंय का तुमच्या ह्या दगडासाठी, येवढं कुणी खरं सांगावं. मी काय सोडून जाणार नाही नोकरी. पण कळलेलं बरं.”

“कळून काय करणार?”

“काय नाही,” ते म्हणाले. “बायकोला पत्रात खोटं लिहावं लागणार नाही.”

हे झालं मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

चौदा मार्चला सकाळी मशीनचं डिझेल संपलं. कंपनीची गाडी यायला दोन दिवस होते. नागपूरच्या ऑफिसातून माझे वरिष्ठ खानोलकर रोज वायरलेसवर खणण्याची खोली विचारत, आणि काम बंद पडलेलं त्यांना चालत नसे. तनपुरे म्हणाले, “आमची गाडी तालुक्याला जातेच आहे रेशनला. येताना तुमचे दोन पिंप टाकून आणतो.” रिकामे पिंप गाडीत चढवायला रैनूनं मदत केली. गाडी डोंगराखाली उभी असायची. तिथपर्यंत तो पिंप गडगडवत घेऊन गेला आणि परत वर आला. तनपुरे आणि दोन जवान गेले. दुपारपर्यंत येतील असा अंदाज होता.

ते त्याहून लवकर परत निघाले. तालुक्याच्या आधीच एका ठाण्यावर त्यांना डिझेल मिळालं होतं, हे मला नंतर कळलं.

साडेदहाच्या सुमाराला मी आणि रैनू पेट्यांपाशी बसलो होतो. मी खोली सांगत होतो, तो खडूनं लिहीत होता. त्याचं अक्षर आश्रमशाळेतल्या मुलांसारखं गोल होतं. तो चौऱ्याऐंशी लिहीत होता, आणि खालून आवाज आला. आधी पायाखालून, मग कानात. नदीकडून काळा धूर उभा राहिला.

आम्ही दोघंही उठलो. जवानांनी बंदुका उचलल्या, पण जागेवरून कोणी हललं नाही. हुकूम देणारा माणूस खाली होता.

मी म्हटलं, “रैनू, पळ. तू लवकर पोचशील. बघ काय झालंय. कोणी वाचलं असेल तर...”

तो अनवाणीच पळाला. मला आजही त्याची पाठ दिसते, झाडांतून उतरत गेलेली.

मी निघालो तसे जवानही मागोमाग निघाले. आम्हाला उतरायला तास लागला. नदीच्या उतारावर, जिथं तनपुऱ्यांना चौकी हवी होती नेमक्या त्याच वळणावर, गाडी उलटी पडली होती. डिझेलमुळे अजून पेटत होती. तिघंही गेले होते. पण तनपुरे गाडीपासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत होते, डोक्याखाली कुणाचा तरी सदरा घडी करून ठेवलेला. तो सदरा रैनूचा होता. त्यानंच त्यांना ओढून तिथवर आणलं होतं. तो पोचला तेव्हा त्यांच्यात जीव होता.

पलीकडून दुसऱ्या ठाण्याची कुमक माझ्याआधी पोचली होती. रैनू त्यांच्या ट्रकमध्ये होता. उघडा, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला, हात मागे बांधलेले. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर सुटकेची भावना आली. मी हात वर करून त्याला खूण केली, थांब, बोलतो.

मी तिथल्या अधिकाऱ्याकडे गेलो. “हा आमचा माणूस आहे,” मी म्हटलं.

“आमचा म्हणजे कुणाचा? तुम्ही कोण?”

“मी... बोअरवेलचं काम बघतो.”

“हा स्फोटाच्या जागी सापडला. गाडी कधी निघाली, कधी येणार, याला माहीत होतं. गाडीत पिंप यानंच चढवले म्हणे.” त्याचे डोळे लाल झाले होते. मेलेल्यांपैकी एक जवान त्याच्या गावचा होता. “तुम्हाला काय सांगायचं ते उद्या जबाबात सांगा. आज बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो. उद्या सांगू म्हटलं. ट्रक गेला.

मला त्याच दुपारी तालुक्याच्या गावी विश्रामगृहावर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची जीप मला न्यायला आली, तेव्हा पायरीवर मैनी बसलेली होती. तुमिरगुड्याहून सत्तावीस किलोमीटर चालत आली होती, मुलगी पाठीला. ती उठली. तिच्याजवळ मराठी शब्द थोडे होते आणि वाटेत तिनं ते जुळवून आणले असावेत.

“रैनू तुमच्यासंग होता. डोंगरावर. तुमी सांगा.”

“सांगतो,” मी म्हटलं.

तिला खात्री पटली नसावी. तिनं पुन्हा विचारलं, “सांगान?”

“सांगतो, मैनी. नक्की सांगतो. तू घरी जा.”

तिनं मान डोलावली आणि त्याच पावली परत निघाली. पाणीही प्यायली नाही.

दोन दिवसांनी नागपूरला खानोलकरांनी मला केबिनमध्ये बसवलं, दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. टेबलावर वर्तमानपत्र होतं. पहिल्या पानावर तिघांचे फोटो, आणि खाली चौकटीत, ‘स्फोटाचा सूत्रधार जेरबंद’.

“तो सूत्रधार नाही,” मी म्हटलं. “तो माझ्याबरोबर होता, स्फोट झाला त्या क्षणी. मीच त्याला खाली पाठवलं. मला जबाब द्यायचाय.”

“कुठं होता तुमच्याबरोबर?”

“कोरमेट्ट्यावर.”

“गभणे,” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही कोरमेट्ट्यावर नव्हतात. कंपनीचं कोणीही नव्हतं. त्या डोंगरावर ड्रिलिंगला परवानगीच नाही. हजेरीत तुम्ही आठवडाभर चंद्रपूरला आहात.”

“पण सर, माणूस निरपराध आहे.”

“मग सुटेल. निरपराध माणूस कोर्टात सुटतो. त्यासाठी तुम्हीच कशाला हवे?” त्यांनी वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. “तुम्ही उभे राहिलात तर पहिला प्रश्न येईल, तिथं काय करत होतात. दुसरा येईल, पोलिसांच्या गाडीत काय होतं. काय सांगाल? आमच्या मशीनचं डिझेल होतं? हे तिघं हुतात्मा झालेत, गभणे. परवा राहुरीत हजारो माणसं जमली होती अंत्ययात्रेला. त्या पोराच्या बायकोला तुम्ही सांगणार, की तो खाणीच्या डिझेलसाठी गेला?”

 तनपुऱ्यांना हे कळायला हवं होतं, त्यांनी ते माझ्याजवळ बोलून दाखवलं होतं, हे मी खानोलकरांना सांगू शकलो असतो.

“आणि दादा लोकांना कळलं की डोंगर खणणारा माणूस तुम्ही, तर?” ते म्हणाले. “घरी बायको आहे, मुलगी दहावीला आहे. विचार करा. जबरदस्ती नाही.”

जबरदस्ती नव्हती. हे मला मुद्दाम लिहायला हवं. कोणी मला कोंडलं नाही, धमकावलं नाही. खानोलकरांनी चंद्रपूरच्या दौऱ्याचं पत्रक पुढे केलं आणि मी सही केली. महिनाभरात सुटेल, असं स्वतःला सांगितलं. मग पावसाळ्यापर्यंत. मग मला ओरिसाला बदली मिळाली, बढतीवर.

तो सुटला नाही. दहशतवादविरोधी कायद्यात जामीन मिळत नाही.

लांबून मला बातम्या कळत होत्या. स्फोटानंतर मोहीम वाढवली. कोरमेट्ट्यावरच्या चौकीचा दोनशे जवानांचा तळ झाला. नदीच्या उतारावर मात्र काहीच बसलं नाही. तुमिरगुड्याची ग्रामसभा त्या तळाच्या कुंपणात भरली, आणि सगळे हात वर झाले. पुढच्या वर्षी खाण सुरू झाली. माझ्या अहवालातल्या आकड्यांवर.

सहा वर्षांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. भूसुरुंग प्रकरणातील आरोपी रैनू हिचामी पुराव्याअभावी निर्दोष. मी त्या दोनदा वाचल्या. मग बसून एक प्रतिज्ञापत्र लिहिलं. तारीख, वेळ, ड्रिलिंग, डिझेल, सगळं. नोटरीकडे जाऊन सही केली आणि ते घेऊन तुमिरगुड्याला गेलो. खटला संपल्यावर त्याचा उपयोग काय, हे मला समजत होतं. पण रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं.

रस्ता आता डांबरी होता. लाल धुळीनं माखलेले ट्रक एकामागून एक येत होते आणि रस्त्याकडेची झाडं पानापानाला लाल होती. कोरमेट्ट्याचा माथा राहिला नव्हता. जिथं आम्ही पेट्या मांडायचो तिथं आता आकाश होतं.

मैनी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती. तिनं मान वर केली आणि तिचा हात फुलांतच राहिला. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग पुन्हा पायांकडे. घाबरून तिनं आत हाक मारली.

रैनू बाहेर आला. केस पांढरे झालेले, खांदे उतरलेले, चालताना एक पाय ओढत होता. पण मला पाहिल्यावर तो जवळजवळ धावला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, मनगट दाबून पाहिलं.

“जित्ते हाय जी!” तो मैनीकडे वळून ओरडला, माडियात काहीतरी म्हणाला, पुन्हा माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. “साहेब, तुमी जित्ते हाय!”

मला काही कळेना. त्यानं मला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसला, आणि बोलत सुटला.

“आमाले वाटलं दादांनी तुमाले नेलं. मैनी जेलात भेटाले आली होती, पयल्या साली. तिनं सांगतलं, साहेब ‘सांगतो’ म्हणून गेले. मी वाट पाह्यली. पावसाळा गेला, तुमी आले नाई. मंग मी मैनीले म्हणलं, सांगतो म्हणून गेलेला माणूस नाई येत, म्हणजे तो राह्यला नाई. तुमी काई असे तसे माणूस नोहोते. मैनीनं तुमच्या नावानं मोहाच्या दारूची धार सोडली, तिच्या बापाच्या नावानं सोडते तशी. दरसाल सोडते.” तो हसला. “म्हणून घाबरली तुमाले पाहून.”

मी हातातला द्रोण खाली ठेवला. मैनीनं तो कधी दिला हेही मला कळलं नव्हतं.

“रैनू, तू कोर्टात सांगितलं नाहीस? की तू माझ्याबरोबर होतास?”

“नाई जी.”

“का?”

“वकीलबाई लय चिडत. म्हणत, तू डोंगरावर होता तं कोनासंग होता ते सांग, कोनाले लपवते? मी म्हणलं, एकलाच होतो. माह्या बराकीत दादांचे दोन माणसं होते. कोर्टात तुमचं नाव घेतलं असतं तं त्याच दिवशी जंगलात पोचलं असतं का डोंगर कोनी खणला. म्हणलं, हे तं आपल्या तोंडून नाई जावाले पायजे. साहेबांनी सोताहून सांगतलं तं गोष्ट येगळी.” तो थांबला. “मंग वाटलं तुमी मेले. तरी नाव नाई घेतलं. तुमची बाई असंल, पोरगी असंल. तिले कोनी त्रास नको.”

अंगणापलीकडून एक ट्रक गेला. धूळ अंगणात आली आणि हळूहळू खाली बसली. मी तेवढ्यात उठून निघून जाऊ शकलो असतो. त्याला आनंद झाला होता आणि तो आनंद तसाच ठेवून मला परतता आलं असतं. पण पुन्हा एकदा तसं करणं मला जमलं नाही.

“मला काही झालं नव्हतं, रैनू,” मी म्हटलं. “मी नागपूरलाच होतो. घरी.”

तो अजून हसत होता. “बिमार होते?”

“नाही.”

“कोनी बांधून ठेवलं होतं?”

“नाही.”

“दादांनी चिठ्ठी धाडली असंल, मारतो म्हणून.”

“नाही रे. कोणी काही केलं नाही. मला सांगू नको म्हणाले, आणि मी सांगितलं नाही.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. आणखी एखादं कारण सुचतंय का, असं शोधत असल्यासारखा. मग त्यानं मान वळवली आणि मैनीला माडियात एकच वाक्य सांगितलं. मैनी उठली, माझ्याकडे न पाहता आत गेली. दारात तिची मुलगी उभी होती, तिला तिनं हात धरून आत घेतलं.

मी पिशवीतून प्रतिज्ञापत्र काढलं. काय लिहिलंय ते सांगितलं. त्यानं कागद हातात घेतला, पहिल्या ओळीवरून बोट फिरवत हळूहळू वाचला, आणि घडी करून परत दिला.

“आता कोनाले दाखवू?”

“तुझ्याजवळ असू दे.”

“नाई जी.” तो म्हणाला, रागानं नाही, समजावून सांगावं तसं. “साहेब, तुमी मेले असं समजून मी सा वर्सं काढले. वाईट वाटत होतं, पण बरं होतं. रात्रंदिवस वाटे, एक माणूस होता बाहेर, तो असता तं आला असता. तेवढ्यावर माणूस जगते जेलात. आता मी ते सा वर्सं कसे समजू?”

 मी उठलो. तोही उठला, पाय ओढत माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आला. त्यांच्यात आलेल्या माणसाला एकटं पाठवत नाहीत.

रस्त्यावर नाका होता. तळ झाल्यापासून बाहेरच्या प्रत्येकाची तिथं नोंद होते. एक तरुण जवान खुर्चीतून उठला, माझं ओळखपत्र पाहिलं आणि रैनूला विचारलं, “काय रे, हे कोण? तुझ्याकडे आले होते?”

रैनूनं माझ्याकडे पाहिलं.

“नाई जी,” तो म्हणाला. “म्या नाई ओळखत. वाट चुकले होते.”

जवानानं वहीत काहीतरी लिहिलं आणि बांबू वर केला. मी पलीकडे गेलो. वळून पाहिलं तेव्हा रैनू ट्रकांच्या धुळीतून परत गावाकडे निघाला होता.